दिरांना फोटो पाठवायचेत, त्यासाठी राउटरची फायरवॉल बंद ठेवू का?

पत्र थोडक्यात असं: मिरजेजवळच्या एका गावात नवरा-बायको लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ चालवतात. शूटिंग नवरा करतो, कॉम्प्युटर, हिशेब आणि गिऱ्हाईक ताई सांभाळतात. अल्बम डिझाइन पुण्यात राहणारे धाकटे दीर करतात. एका लग्नाचे रॉ फोटो सत्तर-पंचाहत्तर जीबी सहज होतात. आतापर्यंत हार्ड डिस्क रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जायची, गेल्या सीझनला त्यातली एक वाटेत गहाळ झाली. मग एका संध्याकाळी दिरांनी रिमोटवरून स्टुडिओच्या पीसीत येऊन राउटरची फायरवॉल बंद केली, डीएमझेड हे राउटरमधलंच आणखी एक सेटिंग चालू केलं, विंडोजची फायरवॉलही बंद केली आणि अख्खा डी ड्राइव्ह पासवर्डशिवाय शेअर केला. तरी पुण्याहून फोल्डर उघडलाच नाही. आता ते म्हणतात, "वहिनी, एक-दोन सेटिंग राहिल्यात, रविवारी करू." ताईंना तेव्हापासून धाकधूक आहे. नवऱ्याचं म्हणणं, आपल्या गावातल्या स्टुडिओत कोण कशाला येतंय हॅक करायला. ताई विचारतात की फायरवॉल बंद ठेवू का चालू करू, आणि चालू केली तर दिरांना वाईट वाटेल त्याचं काय करू.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते कारण त्याला थांबायला नको. फायरवॉल आजच चालू करा, राउटरची पण आणि विंडोजची पण, डीएमझेड काढा आणि डी ड्राइव्हचं शेअरिंग बंद करा. रविवारची वाट बघू नका. त्याने तुमचं काहीही अडणार नाही, कारण तसंही बंद करून काम झालेलंच नाहीये. आता बाकीचं निवांत बोलू, कारण तुमच्या पत्रात मला फायरवॉलपेक्षा दुसऱ्याच दोन-तीन गोष्टींची जास्त काळजी वाटली.

तुम्ही तिघंही एक गोष्ट धरून चालला आहात, ती म्हणजे फायरवॉल हा अडथळा आहे आणि तो हटवला की रस्ता मोकळा. दीर तो हटवायला बघतायत आणि तुम्ही घाबरताय, पण समज दोघांचा एकच. तो बरोबर आहे का ते आधी बघूया. ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या ऑफिसात आवक-जावक रजिस्टर असतं ना, राउटर तसंच एक रजिस्टर ठेवतो. तुमच्या पीसीने बाहेर काही मागितलं, समजा एखादी वेबसाइट, की त्याची जावक नोंद होते, आणि उत्तर आलं की नोंद जुळवून ते त्याच मशीनकडे पोचवलं जातं. ज्याची जावक नोंदच नाही, म्हणजे बाहेरून कुणीतरी आपणहून आलंय, ते तिथेच टाकून दिलं जातं. राउटरची फायरवॉल मुख्यतः एवढंच करते. डीएमझेड चालू करणं म्हणजे रजिस्टर बाजूला ठेवून सांगणं की नोंद नसलेलं जे काही येईल ते सगळं या एका पीसीच्या टेबलावर आणून टाका. नुसता एक फोल्डर नाही, त्या मशीनवर जे जे ऐकत बसलंय ते सगळंच.

मग इतकं उघडूनही पुण्याहून का दिसलं नाही? मला वाटतं तुमचं कनेक्शन सीजीनॅटच्या मागे असणार. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, आयपीव्ही४ म्हणतात ते, जगात मिळून साधारण ४३० कोटीच आहेत आणि ते कधीचेच पुरेनासे झालेत, म्हणून इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटतात. म्हणजे तुमच्या राउटरच्या पुढे कंपनीचं आणखी एक रजिस्टर आहे आणि त्याला तुमचा हात लागत नाही. तुम्ही तुमच्या घरातलं काहीही बंद करा, बाहेरून येणारा तिथेच अडतो. हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. राउटरच्या पानावर जा (बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१, बॉक्सच्या खाली स्टिकरवर लिहिलेलं असतं), तिथे स्टेटसमध्ये वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा, मग गुगलवर माझा आयपी काय असं इंग्रजीत टाकून जो जुना, ठिपक्यांचा पत्ता येतो तो बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १०० ने सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर सीजीनॅटच समजा. मग रविवारची ती एक-दोन सेटिंग करून काहीही होणार नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा न बदलणारा पत्ता, विकत घेतला तर होईल, पण तो घेऊन ड्राइव्ह उघडा ठेवायचा हे तर त्याहून वाईट.

इथे कुणी म्हणेल की मग सीजीनॅटनेच आपण सुरक्षित आहोत की, कशाला घाबरायचं. तसं नाही. आपल्याकडे आता बऱ्याच कनेक्शनवर आयपीव्ही६ पण येतं, आणि त्यात पत्त्यांची टंचाईच नसल्यामुळे प्रत्येक मशीनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. त्या रस्त्यावर एक पत्ता अनेकांत वाटणारं नॅट नाही, मधे असते ती फक्त फायरवॉल. तीच बंद केली तर एका दाराला कंपनीचं कुलूप आहे म्हणून आपण निर्धास्त आणि दुसरं दार सताड उघडं, अशी गत होते. आयपीव्ही६चे पत्ते इतके अफाट आहेत की अंदाजाने एखादा सापडणं अवघड, हे खरं, पण तुमचा पीसी ज्या ज्या साइटशी बोलतो तिला तो पत्ता कळतोच.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, आपल्याकडे कोण येतंय. ते चुकीचं बोलतायत असं मी म्हणणार नाही, माणूस खरंच कुणी येत नाही. तुमच्या स्टुडिओचं नाव, गाव, तुमच्याकडे कुणाच्या लग्नाचे फोटो आहेत याच्याशी कुणाला काही घेणंदेणं नसतं. येतं ते मशीन, आणि ते सगळीकडेच जातं. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं एक टूल काढलं, त्याने एका साध्या कॉम्प्युटरवरून, चांगलं इंटरनेट असेल तर, जगातले सगळे आयपीव्ही४ पत्ते पाऊण तासाच्या आत एकदा ठोठावून होतात. पाऊण तासात सगळं जग! त्यामुळे गाव लहान असण्याचा इथे काही फायदा नाही. जे दार उघडं सापडेल त्याची यादी होते आणि त्या यादीवर दुसरा प्रोग्रॅम चालवला जातो, बस.

आणि यात पोळलेले लोक तुमच्यासारखेच होते हो. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह नावाच्या नेटवर्क डिस्क वापरणाऱ्यांनी सकाळी उठून बघितलं तर डिस्क रिकामी, कुणीतरी बाहेरून फॅक्टरी रिसेट मारलेला, वर्षानुवर्षांचे घरचे फोटो गेले. त्या मॉडेलला २०१५ नंतर अपडेट येणं बंद झालं होतं आणि ती थेट इंटरनेटवरून दिसत होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्यूनॅप कंपनीच्या नेटवर्क डिस्कवाल्यांच्या फाइल क्यूलॉकर नावाच्या टोळीने सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड घालून बंद केल्या आणि पासवर्डसाठी पैसे मागितले. हे बँकवाले किंवा सरकारी खातं नव्हतं, बरेचसे घरगुती आणि छोट्या धंद्यातले लोक होते. विंडोजच्या ज्या फाइल शेअरिंगवर दिरांनी डी ड्राइव्ह टाकला ते ४४५ नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर दिलेलं दार) चालतं, आणि १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइल लॉक करणारा व्हायरस जगभर पसरला तो याच वाटेने, एसएमबी १ या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या दोषातून. मायक्रोसॉफ्टने त्याचं पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं, पण ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते अडकले. म्हणून सांगते, हे पोर्ट इंटरनेटवर उघडायचं नाही, पासवर्ड घालून पण नाही.

माझ्याच घरचं सांगते. आईबाबांकडे सीसीटीव्ही बसवला, बसवणाऱ्याने मोबाइलवर दिसावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून दिलं आणि कॅमेऱ्याच्या डब्याचा पासवर्ड कंपनीतून आलेला तोच ठेवला. आम्हाला काहीच सांगितलं नाही आणि आम्ही पण विचारलं नाही. दोन वर्षांनी मी सहज राउटरचं पान उघडलं तेव्हा ते दिसलं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले होते आणि त्याच्याकडे होती काय तर कंपनीतून येणाऱ्या साठेक यूजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी. आमच्याकडे कुणी डोकावलं की नाही हे कळायला आता काही मार्ग नाही. आई त्या पॅसेजमध्ये बसून गहू निवडते, ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं. म्हणून तुमची धाकधूक मला अगदी खरी वाटली.

पण आता तुमच्या बाजूचंही एक तपासूया. तुम्ही लिहिलंय, "फायरवॉल चालू केली की मग आपण सेफ ना?" नाही ताई, इथे थोडं थांबा. रजिस्टर आपणहून येणाऱ्याला अडवतं, आपण बोलावलेल्याला नाही. तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात की काउंटरच्या मागे वायफायचा पासवर्ड चिकटवलाय, गिऱ्हाइकाला मोबाइलवर फोटो निवडता यावेत म्हणून. म्हणजे दिवसभरात पाच-दहा अनोळखी फोन तुमच्या राउटरच्या आतल्या बाजूला, जिथे तुमचा डी ड्राइव्ह पासवर्डशिवाय उघडा पडलाय! राउटरची फायरवॉल त्यांच्या मधे येतच नाही, ते आतच आहेत. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवणाऱ्या फाइल, येतात, उघडली की फोनमध्ये काहीतरी बसतं, आणि तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईक लग्नघरचंच असतं, त्यांच्या फोनवर तर पत्रिकांचा पाऊस असतो. एक मशीन आजारी असलं की आतल्या आत कसं पसरतं याचं उदाहरण आपल्याच नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरात झालं, जून २०१७ मध्ये तिथलं मेर्स्क कंपनीच्या समूहाकडे असलेलं टर्मिनल नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे ठप्प झालं होतं. ते युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आत शिरलं आणि मग आतल्या नेटवर्कमधून पसरत गेलं. इतक्या मोठ्या कंपनीकडे फायरवॉल नसेल का?

अजून एक, राग मानू नका, पण विचारते. अल्बमचं सॉफ्टवेअर, फोटोशॉपचे प्लगइन हे सगळं विकत घेतलेलं आहे ना? बऱ्याच स्टुडिओत कुणीतरी पेनड्राइव्हवर क्रॅक, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायची फाइल, आणून देतं आणि तो टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करा असं सांगितलेलं असतं. ज्या फाइलला स्वतःला पहारा बंद करून हवा आहे तिच्याबद्दल काय समजायचं ते तुम्हीच समजा. फायरवॉलची चिंता करण्याआधी मी ते मशीनवरून काढेन.

तर आता मुख्य काम, फोटो पुण्याला कसे पाठवायचे. माझं साधं म्हणणं असं की दिरांनी तुमच्या पीसीत यायची गरजच नाही, फोटो त्यांच्याकडे जायला हवेत. जावक तर राउटर सहसा अडवत नाही.

सोपा मार्ग म्हणजे ड्राइव्हसारखं क्लाउड. गुगलचे फुकटचे १५ जीबी जीमेलसकट असतात, त्यात तुमचं एक लग्न मावणार नाही, म्हणजे महिन्याचे पैसे भरावे लागतील. भरलेत तर वाईट नाही, फक्त फोल्डर शेअर करताना "लिंक असलेला कोणीही" हा पर्याय नको, दिरांचा ईमेल टाकून फक्त त्यांनाच द्या, आणि अल्बम झाला की शेअरिंग काढून टाका. गिऱ्हाइकाला फोटो निवडायला द्याल तेव्हा पण हेच. हळदीचे, घरातले फोटो असतात, ती लिंक एका ग्रुपवर गेली की कुठे कुठे जाईल याला धरबंध नाही.

पण तुमच्यासारख्यांसाठी मला सिंकथिंग जास्त बरं वाटतं. फुकट आहे, अकाउंट लागत नाही, कोड सगळ्यांना बघायला खुला आहे. दोन्ही पीसीवर टाकायचं, प्रत्येकाला एक लांबलचक डिव्हाइस आयडी मिळतो, तो एकमेकांना द्यायचा आणि दोन्हीकडून हो म्हणायचं, मग ठरवलेला एकच फोल्डर इकडून तिकडे जातो, वाटेत एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही असा. दोन्ही मशीन आतून बाहेर बोलत असल्यामुळे राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही आणि सीजीनॅट असलं तरी चालतं, थेट जोडणी नाही जमली तर मधल्या रिले सर्व्हरमधून जातं, जरा हळू जातं एवढंच, आणि रिलेवाल्याला आतलं काही दिसत नाही. दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. हे सिंक आहे, बॅकअप नाही, तिकडे डिलीट झालं तर इकडेही डिलीट होऊ शकतं, म्हणून तुमच्याकडे तो फोल्डर "सेंड ओन्ली" ठेवा, दिरांकडे "रिसीव्ह ओन्ली", आणि तयार अल्बम परत येण्यासाठी वेगळा फोल्डर करा. आणि दोन्ही पीसी एकाच वेळी चालू हवेत.

दिरांना खरोखरच तुमच्या ड्राइव्हमध्ये येऊन काम करायचं असेल, म्हणजे नुसती कॉपी नकोय, तर टेलस्केल बघा. ते वायरगार्ड या एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीच्या पद्धतीवर चालतं आणि तुमच्या दोघांच्या मशीनचं जणू एक खाजगी नेटवर्क बनवतं, बाहेरच्या कुणाला ते दिसत नाही. त्यातून शेअर्ड फोल्डर उघडला तर चालेल, पण तेव्हाही अख्खा ड्राइव्ह नको, एकच फोल्डर, आणि विंडोजवर दिरांचं वेगळं यूजर आणि पासवर्ड. शेअरिंगमध्ये "एव्हरीवन", म्हणजे सगळ्यांना परवानगी, असेल तर ते काढाच.

वेळेचा हिशेब पण बघून घ्या म्हणजे नंतर चिडचिड नको. पंचाहत्तर जीबी फोटो आणि अपलोड ५० एमबीपीएस असेल तर सुमारे तीन तास वीस मिनिटं, १०० असेल तर एक तास चाळीस मिनिटं, प्रत्यक्षात थोडं जास्तच धरा. आपण प्लॅनचा जो आकडा सांगतो तो बऱ्याचदा डाउनलोडचा असतो, तुम्हाला अपलोड बघायचाय. रात्री लावून झोपलात तर सकाळी झालेलं असेल, ट्रॅव्हल्स पण रात्रभरच घेते. आणि इंटरनेट बंद पडलं, सीझनला तीन लग्नं एकदम आली, तर डिस्क पाठवणं यात काही मागासलेपणा नाही, फक्त डिस्कला पासवर्ड घालणाऱ्या व्हेराक्रिप्ट सॉफ्टवेअरने लॉक करून पाठवा आणि मूळ कॉपी स्वतःकडे ठेवा, म्हणजे हरवली तर डिस्कचेच पैसे जातील. गेल्या सीझनला जी गेली ती लॉक नव्हती असं तुमच्या पत्रावरून वाटतंय. ते फोटो कुणाच्या लग्नाचे होते त्या घरी एकदा सांगून ठेवा, अवघड आहे हे कळतं मला, पण त्यांना ते तुमच्याकडून कळलेलं बरं.

राउटरमध्ये आज काय करायचं ते एकदा सांगते, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. फायरवॉलला लो-मीडियम-हाय असं असेल तर निदान मीडियम, आयपीव्ही६ची फायरवॉल वेगळी दाखवत असेल तर ती पण चालू. डीएमझेड बंद. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत जे ओळखीचं नाही ते काढा. यूपीएनपी बंद करा, त्याने घरातला कुठलाही प्रोग्रॅम न विचारता पोर्ट उघडून घेऊ शकतो. मुलाचा एखादा ऑनलाइन गेम कुरकुर करेल कदाचित, तेव्हा बघता येईल. बाहेरून राउटर उघडायची सोय, रिमोट मॅनेजमेंट, ती बंद. राउटरच्या पानाचा पासवर्ड बदला, वायफायचा नव्हे, पानाचा, आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून वायफायला जोडायची सोय, बंद. गिऱ्हाइकांसाठी गेस्ट वायफाय, म्हणजे तुमच्या पीसीपासून वेगळं ठेवलेलं वायफाय, चालू करून भिंतीवर त्याचा पासवर्ड चिकटवा आणि जुना बदला. हा शेवटचा बदल तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. पीसीवर विंडोज अपडेट करा, "विंडोज फीचर्स"मध्ये एसएमबी १ ला टिक असेल तर काढा. त्या दिवशी दिरांनी रिमोटचं जे सॉफ्टवेअर वापरलं त्यात कायमचा पासवर्ड ठेवला असेल तर तोही काढा, ते पण एक दारच आहे आणि ते आतून उघडलेलं आहे. मधल्या दिवसांत काही घडलं असेल अशी शंका असेल तर अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करा, सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर फुकट टूल आहेत. पैशाचं काही गडबड दिसलं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

बॅकअपचं मी विचारणार नव्हते पण राहवत नाही. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर, हा नियम पीटर क्रॉग नावाच्या एका फोटोग्राफरनेच रूढ केलाय, तुमच्याच धंद्यातला माणूस. एक डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची, सतत जोडलेली नको, कारण फाइल लॉक करणारा व्हायरस जोडलेली प्रत्येक डिस्क खातो.

राहिले दीर. तुम्ही लिहिलंय की "ते आमच्यासाठी धडपडतायत आणि मी त्यांच्यावर अविश्वास दाखवतेय असं होईल." मला नाही वाटत तसं. त्यांनी वाईट हेतूने काहीच केलं नाही, इंटरनेटवर शोधलं की फायरवॉल बंद करून बघा हा सल्ला पहिल्या पाचात सापडतोच, आणि तपासण्यापुरतं पाच मिनिटं बंद करणं वेगळं, तसंच सोडून देणं वेगळं. त्यांनी फक्त परत चालू केलं नाही. तुम्ही "तुम्ही बंद केलंत" असं सुरू करू नका. त्यांना वॅन आयपीचा फोटो काढून पाठवा आणि विचारा, "भाऊजी, हा आकडा १०० ने सुरू होतोय, हे सीजीनॅट असेल का हो?" ज्याला कॉम्प्युटरची आवड आहे तो माणूस पुढचं स्वतःच शोधेल, आणि सिंकथिंग पुण्याकडच्या बाजूने त्यांनीच बसवू दे. रिमोटने नको यावेळी, व्हिडिओ कॉलवर ते सांगतील आणि माउस तुमच्या हातात राहू दे. कुठे काय आहे हे तुम्हाला माहीत असायलाच हवं, मशीन तुमच्या समोर आहे आणि गिऱ्हाईक पण तुमच्याच समोर येऊन बसतं. मिस्टरांना पण शेजारी बसवा.

सुरुवातीला एकच छोटा फोल्डर घ्या, साखरपुड्याचा वगैरे, दोन-तीन जीबीचा. तिकडे पोचला की दिरांना मधले चार-पाच फोटो उघडून बघायला सांगा, नीट उघडतायत ना, आणि मगच मोठं लग्न लावा. आणि पीसीचा स्लीप मोड रात्रीपुरता बंद करायला विसरू नका, नाहीतर सकाळी उठून बघाल तर अकरा टक्क्यांवर अडकलेलं असेल.